सिकलसेलचे मूल आणि शाळेची जबाबदारी

थंडी सुरू झाली की आम्हा विदर्भातील डॉक्टरांकडे सांधे, पाठ, पोट धरून येणाऱ्या मुलांची संख्या वाढते. त्यात सिकलसेलची मुले बरीच असतात. मागे अशाच एका सहावीतील मुलीच्या आईने मला शाळेची चिठ्ठी दाखवली. 'मुलगी वारंवार गैरहजर असते. झेपत नसेल तर दाखला काढून न्यावा.' "डॉक्टरसाहेब, आता हिला घरीच बसवू का?" असे त्या माउलीने विचारले. माझे उत्तर होते, मुळीच नाही. हा प्रश्न अनेक घरांत पडत असल्याने आज त्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

आजार काय आहे?

सिकलसेल हा आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार आहे. तो संसर्गाने पसरत नाही. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. थंडी, ताप, अतिश्रम आणि शरीरातील पाणी कमी होणे ही दुखणे उठण्याची नेहमीची कारणे. मूल काल खेळत होते म्हणून आज ते सोंग करते, असे समजू नये. मात्र एक फरक लक्षात ठेवावा. ज्याच्यात हा दोष एकाच पालकाकडून आला आहे तो केवळ 'वाहक' असतो. वाहकाला सहसा त्रास होत नाही आणि तो दिव्यांग ठरत नाही.

कायदा काय म्हणतो?

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकारच्या अपंगत्वांचा समावेश होता. रक्ताच्या आजारांना त्यात जागा नव्हती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही यादी एकवीसपर्यंत वाढवली आणि तीत हिमोफिलिया, थॅलेसेमिया यांच्यासोबत सिकलसेलही आला. यामागे आपल्या नागपूरचाही वाटा आहे. येथील संपत रामटेके यांनी सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया स्थापन करून रुग्णांच्या हक्कांसाठी आयुष्य वेचले. २०१८ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री जाहीर झाली.

या कायद्यानुसार सरकारी, अनुदानित, तसेच सरकारमान्य खासगी शाळेलाही दिव्यांग मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो आणि त्याच्या गरजेप्रमाणे वाजवी सोयी कराव्या लागतात. चाळीस टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला वयाच्या सहाव्या ते अठराव्या वर्षापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिवाय २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढून टाकता येत नाही. त्याला मारणे किंवा मानसिक त्रास देणे यालाही मनाई आहे.

वाजवी सोय म्हणजे काय?

सिकलसेलच्या मुलाला उतरता रस्ता किंवा ब्रेल पुस्तक लागत नाही. त्याच्या सोयींना पैसाही फारसा लागत नाही. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. या मुलांच्या मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवणे जमत नाही, म्हणून तासाच्या मध्येही लघवीला जाऊ द्यावे. उन्हात किंवा थंडीत कवायतीला उभे करू नये, स्वेटर गणवेशात बसत नाही म्हणून काढायला लावू नये. बुडालेला अभ्यास भरून द्यावा. ताप, छातीत दुखणे, धाप लागणे, अचानक एखादा हात-पाय लुळा पडणे यांपैकी काही दिसल्यास पालकांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. त्या मुलीसाठी मी एवढेच मुद्दे एका कागदावर लिहून दिले. मुख्याध्यापकांनी ते वाचले आणि दाखल्याचा विषय तेथेच संपला. पुष्कळदा शाळेच्या मनात दुष्टावा नसतो, तिला माहिती नसते.

राज्य मंडळाच्या दहावी-बारावीच्या परीक्षेत सिकलसेलच्या विद्यार्थ्यांना तासामागे वीस मिनिटे जादा वेळ मिळण्याची सोय आहे. त्यासाठी शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे वेळेवर अर्ज करावा, परीक्षेच्या तोंडावर धावपळ करू नये. आजारपणातील गैरहजेरीची प्रमाणपत्रेही त्या त्या वेळीच शाळेत देऊन पोच घ्यावी.

कागदपत्रे आणि तक्रार

दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आणि युडीआयडी ओळखपत्रासाठी 'स्वावलंबन' संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. नागपूरकरांसाठी मेडिकल आणि मेयो आहेत. रक्ताचा इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी अहवाल, भरती झाल्याचे आणि रक्त दिल्याचे कागद सोबत न्यावेत. टक्केवारी ठरवताना यांचा उपयोग होतो.

चाळीस टक्क्यांहून कमी आले तर निराश होऊ नका. उच्च शिक्षणातील पाच टक्के आरक्षण त्या मर्यादेखाली मिळत नाही हे खरे, पण वाजवी सोयीचा हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार या परीक्षार्थीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केले. त्याचे दिव्यांगत्व चाळीस टक्क्यांखाली होते, तरी त्याला लेखनिक मिळायला हवा असा निकाल झाला.

शाळा ऐकत नसेल तर प्रथम मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, मग शिक्षणाधिकाऱ्यांना, आणि शेवटी पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करा. कायदा मोडल्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तोंडी बोलणी विसरली जातात, म्हणून प्रत्येक अर्जाची एक प्रत जवळ असू द्या.

पालकांना शेवटची विनंती. हक्क मागताना औषधे चुकवू नका. फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, आणि डॉक्टरांनी दिले असल्यास हायड्रॉक्सियुरिया, नेमाने द्या, लसी वेळेवर टोचून घ्या. औषध नियमित असेल तर दुखण्याचे दिवस कमी होतात आणि शाळेचे दिवस वाढतात. आजार लपवूही नका. मूल सिकलसेलचे आहे हे शिक्षकांना ठाऊकच नसेल, तर ते सोय तरी कशी करणार?