नळ बंद असतो तेव्हा

स्वारगेटच्या एस.टी. स्थानकावर गाडीची वाट पाहताना तुम्ही नळाचे पाणी पिता. शहराला पाणी पुरविण्याचे काम महानगरपालिकेचे. तीच गाडी तासा-दीड तासात तुम्हाला एखाद्या खेड्यात सोडते. तेथील नळाची देखभाल कोणाची? बहुधा ग्रामपंचायतीची. 73 वी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली. पंचायतींकडे सोपवावयाच्या विषयांच्या तिच्या यादीत पिण्याचे पाणी आणि स्वच्छता हे दोन निरनिराळे विषय आहेत. पण नळाला ते निरनिराळे नाहीत. कसे ते पाहू या.

समजा, गावच्या टाकीतील पाण्याची पातळी नळापेक्षा 12 मीटर उंच आहे. 10 मीटर उंचीच्या पाण्याचा दाब दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 1 किलोग्रॅम असतो. म्हणजे येथे तो 1.2 किलोग्रॅम झाला. पाणी सुरू असताना जलवाहिनीला चीर असली, तर पाणी बाहेर उडते. घाण आत येऊ शकत नाही. आता व्हॉल्व्ह बंद झाला. सखल आळीतील नळांनी उरलेले पाणी ओढून घेतले, वाहिनी रिकामी झाली, आतला जादा दाब संपला. चिरेवर गटार तुंबले असेल, तर ते पाणी आत झिरपते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या धारेबरोबर घरोघर जाते. हगवण, कावीळ, कॉलरा यांची साथ अशीच पसरते.

प्रयोग करून पाहा. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी बारीक भोक पाडा. बाटली पाण्याने भरा आणि झाकण न लावता रंगीत पाण्याच्या बादलीत अर्धी बुडवा. रंग आत येत नाही. तीच रिकामी करून बुडवा, रंग आत!

म्हणून चीर बुजविणे आणि गटार वाहते ठेवणे हा पहिला उपाय. दुसरा, गावात ज्याला ‘टीसीएल’ म्हणतात ते विरंजक चूर्ण. ताज्या चूर्णात सुमारे 33 टक्के क्लोरीन मिळतो. स्वच्छ दिसणाऱ्या 1000 लिटर पाण्याला साधारण 2.5 ग्रॅम, म्हणजे 50,000 लिटरच्या टाकीला 125 ग्रॅम चूर्ण लागते. परंतु पोते उघडे राहिले की क्लोरीन उडून जातो आणि तेच माप अपुरे पडते. यासाठी शेवटच्या नळाचे पाणी तपासावे लागते. तेथे लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. पंचायतीचा जलसुरक्षक नमुन्यात औषधाचे थेंब टाकतो; पिवळी छटा आली की क्लोरीन आहे.

तुमच्या आळीच्या शेवटच्या नळाला ही छटा येते काय? त्यांना विचारा. उत्तर ‘नाही’ आले, तर घरच्या मोठ्यांना तो प्रश्न ग्रामसभेत मांडायला सांगा.