सायकलचा एक्सल मोडतो तेव्हा

बेळगावला सायकल नवी नाही. किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा श्रीगणेशा १८८८ साली याच गावी, एका सायकलच्या दुकानाने झाला. किर्लोस्करवाडी वसली ती नंतर, १९१० साली. तरीही आपल्यापैकी किती जणांना सायकलचे मागचे चाक उघडता येते? मलाही येत नव्हते. गेल्या वर्षी परीक्षेला येताना निपाणीच्या अलीकडे चढावर ‘कट्’ असा आवाज झाला आणि चाक तिरके होऊन चिमट्याला घासू लागले. पेपरला अर्धा तास उशीर झाला. संध्याकाळी आजोबांची ती जुनी सायकल मी मिस्त्रींकडे ढकलत नेली. ते म्हणाले, “मी सांगतो, तू कर.” तेच येथे मांडतो.

प्रथम कारण पाहू. एक्सल स्वतः फिरत नाही; त्याच्याभोवती हब फिरतो. उजवीकडे हबवर फ्रीव्हील बसते, त्यामुळे त्या बाजूचे छरे आत राहतात आणि छऱ्यांपासून चिमट्यापर्यंत एक्सलचा बराच भाग आधारावाचून राहतो. प्रत्येक खड्ड्यात तो किंचित वाकतो व पुन्हा सरळ होतो. तार वारंवार वाकवली की तुटते, तसेच येथे होते. चीर आट्यांच्या खाचेत सुरू होते. म्हणून एक्सल बहुधा उजव्या कोनजवळ मोडतो. जपानच्या शिमानो कंपनीने १९७८ साली आणलेल्या फ्रीहबमध्ये उजवे छरे बाहेरच्या टोकाकडे नेले, ते याचसाठी.

आता कृती. नट सोडून स्टँड, कॅरिअर व मडगार्डच्या काड्या काढाव्यात. वायसरांचा क्रम लक्षात ठेवावा. चेन उतरवून चाक मागे ओढावे. खाली फडके पसरून डावा कोन सोडावा, म्हणजे छरे हरवत नाहीत. सर्व भाग रॉकेलने धुवावेत. कोनवर खड्डे पडले असल्यास तोही बदलावा.

नवा एक्सल आणताना जुने तुकडे सोबत न्यावेत. लांबी व जाडी जुळली तरी आटे वेगळे असू शकतात. जुना कोन नव्या एक्सलवर हाताने सहज फिरला पाहिजे. पान्याने जबरदस्ती केल्यास आटे जातात.

हबमध्ये ग्रीस भरून पाव इंची छरे, बहुधा प्रत्येक बाजूस नऊ, बसवावेत. उजवा कोन जुन्या मापाने पक्का करून एक्सल त्या बाजूने आत सरकवावा. मग डावा कोन लावावा. मी तो गच्च आवळला, तेव्हा मिस्त्री कानडीत म्हणाले, “स्वल्प सडिल इरली.” म्हणजे थोडा सैल असू दे. बाहेरचा नट आवळताना कोन आणखी दाबला जातो, म्हणून ही सवलत आधीच ठेवायची. एक्सल बोटांनी फिरवून पाहावा: खरखर नको, डगमगही नको. शेवटी चाक मध्यावर घेऊन, चेनला अर्धा इंच ढील ठेवून नट आवळावेत. चाक हलके फिरवून सोडले आणि जड बाजू आपोआप खाली येऊन थांबली, की काम साधले.

दोन दिवसांनी पुढचा पेपर होता. त्याच सायकलवरून गेलो आणि घंटा होण्यापूर्वी बाकावर बसलो.