एक दाता, दोन मिलिमीटर

सिंहगडाच्या घाटात सायकलवरून उतरून ती ढकलत नेण्याचीही लाज वाटेनाशी झाली, तेव्हा मी पुढची चक्रं बदलायचं ठरवलं. ५० आणि ३४ दात्यांची जोडी क्रँकसकट (पेडलच्या दांड्यांसकट) काढली, ४६ आणि ३० ची बसवली. मागचं सर्वांत मोठं चक्र २८ दात्यांचं. पुढे ३४ असताना पेडलच्या एका फेरीत सायकल अडीच मीटरच्या आसपास जायची, ३० वर ती सव्वादोन मीटर जाते. फेऱ्या जास्त माराव्या लागतात, पण पायावरचा जोर सुमारे १२ टक्क्यांनी हलका होतो. वेगात थोडी खोट येते: सर्वांत जड गिअरवर मिनिटाला ९० फेऱ्या मारल्या तर ताशी ५१ ऐवजी ४७ किलोमीटर. आपल्या रस्त्यांवरचे खड्डे पाहता मला ते नुकसान वाटत नाही.

चढ जमला. सपाटीवर येऊन मोठ्या चक्रावर जायला गिअर टाकला, तर चेन नुसती कुरकुरत राहिली. तिसऱ्या खेपेला चढली ती थेट पलीकडे गेली आणि क्रँकवर पडली. हात काळे करून घरी आलो. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी खाली वाकून एकदाच पाहिलं. ‘साहेब, चक्र खाली गेलं, हा वरच राहिला की!’

‘हा’ म्हणजे पुढचा डिरेलर. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ रुळावरून उतरवणारा, आणि काम तंतोतंत तेच: चालती चेन मुद्दाम पाडायची, पण शेजारच्या चक्रावर. अशा यंत्राला १९३७ पर्यंत टूर द फ्रान्सच्या शर्यतीत शिरकावच नव्हता.

मागचा डिरेलर तुलनेनं सुखी असतो. तो चेनच्या खालच्या, सैल बाजूवर काम करतो. पुढच्याच्या वाट्याला वरची, ताणलेली बाजू येते. हा ताण किती? १७० मिलिमीटरच्या क्रँकवर पायानं ४० किलोचा भार दिला, तर ३० दात्यांच्या चक्रावर (त्रिज्या साधारण ६१ मिलिमीटर) चेनमध्ये ११० किलोच्या वर ताण येतो. अशी तारेसारखी ताठ चेन पत्र्याच्या दोन पट्ट्यांच्या पिंजऱ्यानं बाजूला ढकलायची! म्हणून पिंजरा मोठ्या चक्राच्या अगदी जवळ हवा. आतली पट्टी चेनला रेटते, चक्राच्या आतल्या अंगावरच्या बारीक खुंट्या तिला वर उचलतात आणि बाहेरची पट्टी भिंतीसारखी तिला अडवते. ही भिंत दात्यांपासून उंच राहिली की चेनला पलीकडे जायला मोकळं रान मिळतं.

किती उंच, ते घरबसल्या काढता येतं. चेनच्या दोन पिनांमधलं अंतर जवळपास सगळ्या सायकलींवर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर असतं. दात्यांची संख्या गुणिले १२.७ हा झाला चक्राचा परीघ. त्यावरून त्रिज्या काढली, तर प्रत्येक दात्यामागे ती दोन मिलिमीटरनं बदलते. मी चार दाते कमी केले, म्हणजे मोठं चक्र आठ मिलिमीटरनं खाली गेलं. बाहेरची पट्टी आणि दात्यांची टोकं यांत फट हवी एक ते तीन मिलिमीटर. माझ्याकडे ती दहाच्या घरात होती.

काकांनी आधी केबल सोडली, मग डिरेलरला नळीवर धरून ठेवणाऱ्या पट्ट्याचा बोल्ट सैल करून डिरेलर सीटखालच्या नळीवरून खाली सरकवला. रुपयाचं नाणं फटीत जेमतेम सरकेल इतका. वरून एका डोळ्यानं पाहून बाहेरची पट्टी चक्राला समांतर आणली, बोल्ट आवळला. मग दोन्ही टोकांचे स्क्रू: एक चेनला आत फ्रेमवर पडू देत नाही, दुसरा बाहेर. केबल शेवटी, लहान चक्रावर चेन असताना ओढून बांधली. चेनही एक इंचानं कमी केली. हे मी विसरलोच होतो.

पिंजऱ्याचा बाक मात्र ५० दात्यांच्या चक्रासाठीच घडवलेला. पुढे फट दोन मिलिमीटर ठेवली, तरी शेपटीकडे ती साडेतीनपर्यंत जाते. चार दात्यांच्या फरकाला हे चालून जातं. ५२ वरून एकदम ४२ वर उतरलात, तर शेपटीकडची फट साडेपाच मिलिमीटरवर जाते आणि खाली आणलेला पिंजरा मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीला टेकण्याची भीती असते. तिथे जुना डिरेलर रेटण्यात अर्थ नाही, लहान चक्रांसाठीचाच घ्यावा. दोन चक्रांमधला फरकही पाहावा. रस्त्यावरच्या सायकलींचे डिरेलर बहुधा १६ दात्यांचा फरक सांभाळतात. माझा आधीही १६ होता, आताही १६ आहे. फक्त लहान चक्र ३० चं करून मोठं ५० चं ठेवलं असतं, तर पुढे-मागे दोन्हीकडे लहान चक्र असताना चेन पिंजऱ्याच्या तळाला घासत राहिली असती.

काही फ्रेमवर पट्टा नसतो, डिरेलर फ्रेमलाच जोडलेल्या खाचेत बसतो आणि खाच संपली की खाली जायची वाटही संपते. तेव्हा चक्रांचे पैसे मोजण्याआधी घरी मोजपट्टी घ्या, आपला डिरेलर किती मिलिमीटर खाली येऊ शकतो ते मोजा आणि त्याला दोननं भागा. जेवढे येतील, तेवढेच दाते कमी करा.