अस्सल पैठणी ओळखायची कशी? आधी पदर उलटा करून बघा

बीड : लग्नसराईत पैठणीची खरेदी ठरलेलीच. पण दुकानात ‘पैठणी’ म्हणून दाखवलेली प्रत्येक साडी हातमागावरची नसते. यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ स्वस्तात मिळते, ती घेण्यात गैर काहीच नाही. मात्र तिला अस्सलचा भाव मोजला, तर हजारो रुपयांची फसगत होते.

फरक कळतो तो उलट्या बाजूने. हातमागावर विणकर नक्षीतला प्रत्येक रंग वेगळ्या धाग्याने, तेवढ्याच जागेत विणतो आणि शेजारच्या धाग्यात अडकवतो. त्यामुळे पदरावरचे मोर, मुनिया म्हणजे पोपट, मागूनही जवळपास तसेच दिसतात. यंत्राच्या नक्षीत मागे लोंबते किंवा कापलेले धागे दिसतात. हातविणीच्या भरगच्च पदराला महिनोन्‌महिने लागतात, किंमत त्या मेहनतीची असते.

रेशीम तपासायचे तर साडीचा एखादा सुटा धागा जाळून बघा. रेशमाला केस जळाल्यासारखा वास येतो आणि राख बोटांनी चुरते. पॉलिस्टर वितळून त्याची कडक गोळी होते.

‘सिल्क मार्क’ फक्त रेशीम शुद्ध असल्याचे सांगतो, हातमागाची खूण ‘हॅण्डलूम मार्क’ ही वेगळी. दोन्ही बघा. पैठण आणि येवल्याच्या पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

दुकानदाराकडून पक्के बिल घ्या आणि त्यावर ‘शुद्ध रेशीम, हातमाग’ असे लिहून मागा. जो लिहून द्यायला कचरतो, त्याच्याकडे अस्सलचा भाव मोजू नका.