पुढच्या दातांतली फट : थांबायचं कधी, डॉक्टरांकडे जायचं कधी?



दुसरी ते पाचवीच्या कुठल्याही वर्गात मुलांना म्हणा, "हसा बघू सगळे!" कुणाचे पुढचे दात पडलेले, कुणाचे अर्धेच वर आलेले, आणि काही मुलांच्या वरच्या दोन मोठ्या दातांमध्ये चांगली ठळक फट. पालकसभेत यावर हमखास प्रश्न येतो, "हिच्या दातांत फट पडलीय, आत्ताच तार लावून घेऊ का?" घरात आजी म्हणते, "फटीच्या दातांचं माणूस नशीबवान असतं, राहू द्या." शेजारी सांगतात, "लहानपणीच करून टाका, नंतर दात पक्के होतात." आणि मोठी मुलं मोबाईलवर बघून स्वतःच काहीतरी प्रयोग करायला निघतात.

ऐकायचं कुणाचं? कुणाचंही ऐकण्याआधी दोन गोष्टी बघा. मुलाचं वय किती आहे, आणि त्याचे वरचे सुळे आले आहेत का. आठव्या वर्षीची फट आणि तेराव्या वर्षीची फट या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. कशा, ते आज समजून घेऊ.

१) आधी दातांचं वेळापत्रक

दुधाचे दात २० आणि कायमचे दात ३२, हे आपण शिकवतोच. समोरचे चपटे ते पटाशीचे दात, त्यांच्या बाजूचे टोकदार ते सुळे, मग उपदाढा आणि दाढा. वरच्या जबड्यातले कायमचे दात साधारण असे येतात :

- मधले दोन पटाशीचे दात : ७ ते ८ वर्षे
- त्यांच्या शेजारचे दोन पटाशीचे दात : ८ ते ९ वर्षे
- सुळे : ११ ते १२ वर्षे

एखाद्या मुलात वर्षभर मागेपुढे होतं, त्याची काळजी नको. पण एक गोष्ट लक्षात घ्या. पुढचे चार दात आल्यावर सुळे यायला मध्ये दोन-तीन वर्षं जातात. आपल्याला दिसणारी बहुतेक फट याच काळातली असते.

त्याआधीचीही एक फट असते. बालवाडीतल्या मुलांच्या दुधाच्या दातांमध्ये जागा सुटलेली दिसते. ती चांगलीच समजायची! कायमचे पटाशीचे दात दुधाच्या दातांपेक्षा रुंद असतात, त्यांना ती जागा लागते. उलट दुधाचे दात अगदी चिकटून, एका ओळीत बसलेले असतील, तर पुढे कायमचे दात दाटीवाटीने येण्याची शक्यता जास्त असते.

२) आठव्या वर्षी फट का पडते?

सुळा दिसत नाही याचा अर्थ तो नाही असा नव्हे. त्या वयात तो वर, नाकाच्या बाजूला, हाडात तयार होत असतो. खाली सरकताना तो शेजारच्या पटाशीच्या दाताच्या मुळावर दाब देतो. मुळं आत ढकलली जातात आणि दातांची खालची टोकं बाहेर फाकतात.

वर्गात हे दोन पेन्सिलींनी दाखवता येतं. दोन्ही उभ्या धरा. वरची टोकं जवळ आणली की खालची टोकं लांब जातात. वरची टोकं म्हणजे मुळं, खालची टोकं म्हणजे आपल्याला दिसणारे दात.

मग सुळा आणखी खाली येतो. आता त्याचा दाब मुळाऐवजी दाताच्या दिसणाऱ्या भागावर पडतो. फाकलेले दात पुन्हा जवळ येतात आणि फट बरीचशी किंवा पूर्ण बुजते. दंतवैद्यकात या काळाला 'कुरूप पिल्लाचा टप्पा' म्हणतात. बदकांच्या पिल्लांत वाढलेल्या राजहंसाची गोष्ट आपल्याला गदिमांच्या गाण्यामुळे माहीतच आहे. पिल्लू कुरूप नव्हतंच, त्याची वाढ पूर्ण व्हायची होती. दातांचंही तसंच.

या टप्प्यात घाईने तार लावून दात जवळ ओढले, तर बाजूच्या दाताचं मूळ सुळ्याच्या वाटेत येऊ शकतं आणि ते झिजू शकतं. म्हणून "लहानपणीच उरकून टाका" हा सल्ला प्रत्येक फटीला लागू होत नाही.

३) मग कोणती फट आपोआप बुजत नाही?

साधारण २ मिलिमीटरपर्यंतची फट सुळे आल्यावर बहुधा बुजते. म्हणजे पट्टीवरच्या दोन बारीक घरांएवढी. त्याहून मोठी असेल तर आपोआप पूर्ण बुजण्याची शक्यता कमी होते. अशा वेळी कारण शोधावं लागतं. नेहमी आढळणारी कारणं ही :

*जादा दात :* कधी कधी मधल्या दोन दातांच्या मध्ये, हाडात, एक लहानसा जास्तीचा दात अडकलेला असतो. बाहेरून तो दिसत नाही, एक्स-रेमध्ये दिसतो. एक खूण सांगते. मधला एक दात येऊन सहा महिने झाले आणि त्याचा जोडीदार अजून आलाच नाही, तर दाखवून घ्या.

*कमी दात किंवा बारीक दात :* काहींच्या शेजारच्या पटाशीच्या दाताचा अंकुरच नसतो, किंवा तो दात खुंटीसारखा बारीक असतो. हे बऱ्याचदा घराण्यात चालत येतं. आई-वडील, काका, आत्या यांचे दात आठवून बघा.

*ओठाची पट्टी :* वरचा ओठ उचलला की ओठ आणि हिरडी जोडणारी एक पातळ पट्टी दिसते. ती खूप जाड असेल आणि थेट दोन दातांच्या मध्ये उतरली असेल, तर फट राहू शकते. ओठ हलकेच ओढल्यावर दातांमधली हिरडी पांढरी पडते का, हे डॉक्टर बघतात. लहान मुलांत ही पट्टी खाली असणं नेहमीचंच आहे, जबडा वाढतो तशी ती वर सरकते. म्हणून ती कापायचीच असेल तर सहसा आधी दात जवळ आणतात आणि मग कापतात. आधी कापली तर तिथला व्रण दात जवळ यायला अडथळा करू शकतो.

*सवयी :* अंगठा चोखणं, किंवा गिळताना जीभ पुढच्या दातांवर ढकलणं. कायमचे पुढचे दात येण्याआधी, म्हणजे साधारण सहाव्या वर्षापर्यंत, अंगठा सुटायला हवा. सवय चालू असताना केलेला उपचार टिकत नाही.

*जबडा मोठा, दात लहान :* हा आजार नाही, ठेवण आहे. अनेक घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या दिसते.

आणि हे खास पालकांसाठी : तुमच्या स्वतःच्या दातांत चाळिशीच्या आसपास *नवीन* फट पडू लागली असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. हिरड्यांचा आजार होऊन दातांखालचं हाड कमी झालं की दात सरकतात. मधुमेह असेल तर जास्तच लक्ष हवं. तिथे तार लावण्याआधी हिरड्यांचा उपचार करावा लागतो.

४) तार लावली की दात सरकतो कसा?

मुलं हा प्रश्न फार छान विचारतात, "हाडात घट्ट बसलेला दात हलतो कसा?"

दाताचं मूळ हाडाला थेट चिकटलेलं नसतं. मध्ये तंतूंची एक पातळ गादी असते. तार दातावर हलका, पण सतत जोर देते. ज्या बाजूला दात ढकलला जातो तिथे गादी दबते आणि शरीरातल्या पेशी तिथलं हाड विरघळवतात. विरुद्ध बाजूला गादी ताणली जाते आणि दुसऱ्या पेशी तिथे नवीन हाड बांधतात. पुढे खोदायचं आणि मागे भराव टाकायचा, अशी ही वाटचाल. वेग साधारण महिन्याला १ मिलिमीटर.

यातून दोन गोष्टी कळतात. पहिली, जास्त जोर लावला म्हणून दात लवकर सरकत नाही. गादीतला रक्तपुरवठा दबला की काम उलट थांबतं. दुसरी, हाड बांधण्याची ही क्षमता मोठेपणीही असते. म्हणून "वय निघून जाईल" या भीतीने घाई करायची गरज नाही.

नुसती फट काही महिन्यांत बुजू शकते. पण दातांची आणि चावण्याची ठेवण पूर्ण नीट करायची असेल, तर दीड ते दोन वर्षं लागतात. आणि खरी गोम पुढेच आहे. पुढच्या दातांची फट पुन्हा उघडायला टपलेलीच असते. म्हणून उपचारानंतर दातांच्या मागच्या बाजूला बारीक तार चिकटवतात, किंवा काढता-घालता येणारी पट्टी देतात. ती अनेक वर्षं सांभाळावी लागते. "तार निघाली, सुटलो!" म्हणणाऱ्या घरात पैसे आणि दोन वर्षं दोन्ही वाया जाऊ शकतात.

दात मुळातच लहान असतील तर दातांच्या रंगाचं सिमेंट लावून ते थोडे रुंद करता येतात. आणि एक पर्याय कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. तपासणीत काही दोष निघाला नाही आणि मुलाला फटीचं काही वाटत नसेल, तर ती तशीच ठेवणं हाही योग्य निर्णय आहे. फट असणं हा रोग नाही.

५) रबरबँडचा प्रयोग : कृपया नाही!

या लेखातलं एवढंच वाचलंत तरी चालेल.

दोन्ही दातांभोवती छोटं रबर अडकवून फट घरच्या घरी बुजवा, असे व्हिडिओ मुलं बघतात. रबर स्वस्त असतं, दात जवळ आलेलेही दिसतात. पण दाताचा आकार आठवा. तो हिरडीकडे निमुळता होत जातो. त्यामुळे रबर हळूहळू वर सरकतं आणि हिरडीच्या आत नाहीसं होतं. मुलाला वाटतं, पडलं असेल कुठेतरी. ते आत तंतूंची गादी आणि हाड खात मुळाच्या टोकाकडे जात राहतं. एक्स-रेमध्येही ते सहसा दिसत नाही. शेवटी अगदी निरोगी असलेले पुढचे दोन्ही कायमचे दात काढायची वेळ येऊ शकते.

डॉक्टरही रबर वापरतात, पण दातांवर चिकटवलेल्या आकड्यांना अडकवून, म्हणजे ते सरकत नाही.

शिक्षकांनो, एखाद्या मुलाच्या फक्त पुढच्या दोन दातांभोवतीची हिरडी सुजलेली आणि लाल दिसली, दात हलत असतील किंवा अचानक लांब झाल्यासारखे वाटले, तर न रागावता विचारा, "रबर लावलं होतंस का?" "हो" म्हणालं तर त्याच दिवशी पालकांना कळवा. डॉक्टरांनाही रबराचं आवर्जून सांगायला सांगा.

६) कुठे जायचं, काय विचारायचं?

सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा दातांची ठेवण तपासून घ्यावी, असं अमेरिकेतल्या ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना सांगते. तपासून घ्यायची म्हणजे तार लावायची असं नाही! बहुतेक वेळा "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा" एवढंच उत्तर मिळतं.

दात सरकवण्याचं खास शिक्षण ऑर्थोडॉन्टिक्समध्ये एम.डी.एस. केलेल्या डॉक्टरांचं असतं. खासगी खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथली शासकीय दंत महाविद्यालयं, मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीचं दंत महाविद्यालय, इथे चौकशी करा. वारंवार चकरा मारायची तयारी मात्र ठेवा.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा :
१. फटीचं कारण काय आहे?
२. सुळे कुठे आहेत? थांबलो तर काही नुकसान आहे का?
३. जादा किंवा कमी दात आहे का?
४. एकूण किती महिने आणि किती फेऱ्या?
५. नंतर फट पुन्हा उघडू नये म्हणून काय करायचं?

७) शाळेत आपण काय करू शकतो?

- 'खिडकी', 'फाटक' अशी टोपणनावं वर्गात चालू देऊ नका. फोटोच्या वेळी तोंडावर हात धरणारी मुलगी आपल्याला दिसते, त्यामागचं चिडवणं दिसत नाही.
- पुढचे दात नसताना किंवा फट असताना 'स' नीट उमटत नाही. प्रकट वाचनाचे गुण त्यासाठी कापू नका. सगळे दात आल्यावरही अडचण राहिली तर पालकांशी बोला.
- राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येतं, तेव्हा ज्यांच्याबद्दल शंका आहे त्यांची नावं आधीच लिहून ठेवा.
- तार लावलेल्या मुलाला तार आवळल्यावर दोन-तीन दिवस चावताना दुखतं. तेव्हा मऊ जेवण आणायची मुभा द्या. चिक्की, ऊस, कडक पेरू यांनी तार तुटते. जेवणानंतर चूळ भरायला आणि ब्रश करायला वेळ द्या.
- 'आपले दात' हा पाठ शिकवताना प्रत्येक मुलाला आरशात बघून वहीत स्वतःच्या दातांचं चित्र काढू द्या, तारीख टाकून. सहा महिन्यांनी पुन्हा. बदल मुलांनाच दिसेल, आणि "माझे दात वाईट आहेत" याऐवजी "माझे दात अजून येतायत" हे त्यांना कळेल.

लक्षात ठेवण्यासाठी

दुधाच्या दातांतली फट : चांगली.
७ ते ११ वर्षांतली लहान फट : एकदा दाखवा, मग धीर धरा.
२ मिलिमीटरपेक्षा मोठी फट, किंवा एकाच बाजूचा दात आला : एक्स-रे काढायचा का, हे विचारा.
सुळे येऊनही राहिलेली फट : उपचार करायचा की नाही, हे मुलाला विचारून ठरवा.
घरचं रबर : कधीच नाही.

हा शेवटचा भाग पुढच्या पालकसभेत जरूर वाचून दाखवा. आणि रबराबद्दल सहावी ते आठवीच्या मुलांशी थेट बोला, कारण असे व्हिडिओ तीच बघतात.