मखरासाठी कागद कातरणारे यंत्र : काप स्वच्छ कसा यावा

॥ श्री गणेशाय नमः ॥



गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात श्रींच्या मखरावर जे नाव लागले ते वाकडे होते, ही गोष्ट अनेकांच्या लक्षात आली व काहींनी ती बोलूनही दाखविली. ‘श्री गजानन’ ही अक्षरे यंत्रातून एकसंध निघावयास हवी होती. प्रत्यक्षात प्रत्येक अक्षर सुटे होऊन हाती आले. चतुर्थीच्या आदल्या रात्री ती खळीने जोडावी लागली. जाळीदार महिरपीच्या कडा तर उंदराने कुरतडल्यासारख्या निघाल्या. यंत्र घेण्याचा आग्रह प्रस्तुत लेखकाचाच असल्याने दोषही त्याचाच. त्यानंतरच्या सभेत ‘यंत्र विकून टाकावे व सजावट बाजारातून तयार आणावी’ अशी सूचना आली. त्या सूचनेवर निर्णय होण्यापूर्वी यंत्र कसे चालते व आपण कोठे चुकलो हे सर्वांसमोर असावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

पूर्वी मखरे थर्माकोलची असत. महाराष्ट्रात २०१८ साली त्यावर निर्बंध आले आणि १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभरच बंदी आहे. तापीमाईच्या पात्रात त्याचे तुकडे तरंगताना ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या बंदीचे कारण सांगावयास नको. तेव्हा कागद व पुठ्ठा हाच मार्ग उरतो. हाताने कातरणारी जुनी मंडळी आता थोडी राहिली, म्हणून यंत्र आले. क्रिकट, सिल्हूएट, ब्रदर अशा कंपन्यांची ही घरगुती यंत्रे आकाराने छपाईयंत्राएवढी असतात. त्यात शाईच्या जागी एक बारीक पाते असते, एवढाच काय तो मुख्य फरक.

हे पाते कात्रीसारखे कातरीत नाही. ते नांगराच्या फाळासारखे ओढले जाते. पात्याचे टोक त्याच्या आसाच्या मध्यावर नसून किंचित बाजूला असते. त्यामुळे रेघ वळली की पाते आपोआप तिच्यामागे वळते, जसे सामानाच्या हातगाडीचे पुढचे चाक वळते. सरळ रेषेत हे सहज घडते. टोकदार कोपऱ्यात मात्र पात्याला जागच्या जागी फिरावे लागते, आणि कागद फाटतो तो बहुधा तेथेच.

आपली पहिली चूक ही की, काप नीट येत नाही असे दिसताच आम्ही पाते अधिक खोल केले. वस्तुतः पाते कागदाच्या जाडीपेक्षा अगदी किंचितच अधिक बाहेर असावे. कातरून झाल्यावर खालच्या चिकट मॅटवर नखाने ओढल्यासारखा पुसट ओरखडा दिसला तर खोली योग्य समजावी. मॅटवर खोल चर पडला तर पाते फार बाहेर आहे. ते कागद कापण्याऐवजी नांगरीत आहे. जाड कार्डशीट एका फेरीत तुटत नसेल तर दाब न वाढविता त्याच रेषेवरून दोन फेऱ्या द्याव्यात व वेग कमी करावा. नक्षी सुरू करण्याआधी त्याच कागदाच्या कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा एक चौकोन व त्यात एक त्रिकोण कातरून पाहावा. चौकोन स्वच्छ निघाला व त्रिकोणाची टोके उचलली गेली नाहीत, तरच पुढे जावे. गेल्या वर्षी या चाचणीस लागणारी दोन मिनिटे वाचविण्यात आमचे अकरा ताव वाया गेले.

पात्याच्या टोकाशी कागदाचा भुसा अडकतो. पाते धारकातून काढून मऊ ब्रशने झटकावे. अॅल्युमिनियमच्या घरगुती फॉइलचा गोळा करून त्यात पाते काही वेळा टोचल्यानेही अडकलेला भुसा निघतो. त्याने धार लागते असा समज आहे, तो खरा नव्हे. कागदाचे पाते कागदासाठीच राखावे. त्याच पात्याने चकाकीचा कागद कापला की त्याची धार लवकर जाते.

मॅटविषयी आपल्या गावची एक खास अडचण आहे. बऱ्हाणपूर हे यंत्रमागांचे शहर. हवेत सुताचे तंतू असतातच, आणि मॅट उघडी राहिली की एका दिवसात तिच्यावर त्यांचा थर बसतो. मग कागद धरला जात नाही, पाते वळताना तो सरकतो, आणि दोष आपण पात्याला देतो. काम संपताच मॅटवर तिचे पारदर्शक आवरण चढवावे. मळलीच तर कोमट पाणी व सौम्य साबणाने हलक्या हाताने धुऊन सावलीत वाळवावी; चिकटपणा बराचसा परत येतो.

आता कागद. आपल्याच जिल्ह्यातील नेपानगरचा कारखाना १९५६ साली पंडित नेहरूंच्या हस्ते राष्ट्रास अर्पण झाला, व वृत्तपत्राच्या कागदासाठी नेपाचे नाव देशभर झाले. त्या अभिमानापोटी एका सभासदांनी सरावासाठी वृत्तपत्री कागदाची रद्दी आणून दिली. भावना उत्तम, पण हा कागद पातळ व आखूड तंतूंचा. त्यावर पाते फिरले की कडेला लव सुटते. त्यावरून पात्याची परीक्षा होऊ शकत नाही. हातकागदाचे तंतू लांब असतात, ते तुटण्याऐवजी ओढले जातात. मखराच्या जाळीसाठी १८० ते २२० जीएसएमचे गुळगुळीत, घट्ट पोताचे कार्डशीट सर्वांत सोयीचे ठरले. शिवाय आपला उत्सव भाद्रपदात येतो. दमट हवेत कागद ओल धरतो, मऊ पडतो व पात्यासमोर दबतो. म्हणून ताव प्लास्टिकच्या पिशवीत बंद, सपाट ठेवावेत. शक्य तर सर्व कातरकाम पोळ्याच्या बरेच आधी, उघडीप असताना उरकावे.

सर्वांत अधिक वेळ गेला तो अक्षरांत, आणि हे कोणत्याही माहितीपत्रकात आम्हांस सापडले नाही. संगणकावर ‘गजानन’ हा शब्द आपल्याला एका शिरोरेखेखाली अखंड दिसतो. यंत्राला मात्र तेथे स्वतंत्र आकृत्या दिसतात, ज्यांच्या शिरोरेखा एकमेकींवर किंचित चढलेल्या असतात. ते प्रत्येक आकृतीची सीमा प्रामाणिकपणे कापते, म्हणजे शिरोरेखाही प्रत्येक सांध्यावर तोडते. नाव सुटे झाले ते यामुळे. उपाय सोपा आहे. इंकस्केप या मोफत प्रणालीत मजकूर युनिकोडमध्ये लिहावा, त्याचे रेखाचित्रात रूपांतर करावे, आणि मग सर्व आकृत्यांचे ‘युनियन’ म्हणजे एकीकरण करावे. काही यंत्रांच्या प्रणालीत यासच ‘वेल्ड’ म्हणतात. एवढे केले की अख्खे नाव शिरोरेखेला लटकून एकसंध निघते. इंग्रजी अक्षरांना एकत्र धरण्यासाठी खाली पट्टी लावावी लागते. आपल्या लिपीने ती सोय मूळचीच करून ठेवली आहे.

छायाचित्रावरून काढलेल्या नक्षीत आणखी एक दोष असतो. तिच्या रेषेवर अनावश्यक बिंदू शेकड्यांनी पडतात व पाते प्रत्येक बिंदूवर अडखळते. ‘सिम्प्लिफाय’ ही आज्ञा देऊन ते कमी करावेत. दोन मिलिमीटरहून बारीक दांडी जाळीत ठेवूच नये.

रांगोळीच्या छाप्यांचा न्याय उलटा आहे. तेथे अक्षर पोकळ असते, आणि ‘ब’, ‘प’, ‘म’ यांच्या पोटातील कागद चहूकडून वेढला जाऊन निसटून पडतो. त्यास बाहेरच्या कागदाशी जोडणारे बारीक पूल ठेवावे लागतात. मथुरा-वृंदावनचे सांझी कलाकार बारीक कात्रीने असेच खाके कातरतात व पितृपक्षात मंदिराच्या भूमीवर रंग चाळून कृष्णलीला उमटवितात. आपल्या निमाडात त्याच पंधरवड्यात मुली भिंतीवर शेणाची संजा मांडतात. नात्याने दोन्ही जवळच्या, पण पूल कोठे ठेवावा हे शिकावयाचे असेल तर ब्रजातील खाके पाहावेत.

शेवटी, कातरलेला कागद मॅटवरून ओढून काढू नये. तो गुंडाळी होतो. मॅट उलटी करून कागद मेजावर टेकवावा व मॅटच वाकवीत वर सोलावी. उरलेले बारीक तुकडे चपट्या सळीने सोडवावेत.

या रीतीने गेल्या महिन्यात कातरलेले ‘श्री गजानन’ हे नाव व महिरपीचा एक तुकडा कार्यालयातील सूचनाफलकावर लावला आहे. सभासदांनी सभेपूर्वी तो अवश्य पाहावा. ज्यांना यंत्र स्वतः चालवून पाहावयाचे आहे त्यांनी सायंआरतीनंतर कार्यालयात यावे. कार्डशीट मात्र कोरडे व न घडी घातलेले आणावे.

— सचिव, विश्वस्त मंडळ, बऱ्हाणपूर