जुनं एचएमटी घासायला घेताय? आधी मागचं झाकण वाचा

दिवाळीची साफसफाई काढली की पेटीच्या तळाशी एखादं जुनं हातातलं घड्याळ सापडतंच. पट्टा तुटलेला, काच घासून पांढरी झालेली, काटे दिसत नाहीत. गावाकडं दहात सात-आठ वेळा ते एचएमटीच निघतं. कुणाला लग्नात सासऱ्यानं घातलेलं, कुणाच्या वडलांनी पहिल्या ऊसबिलातनं घेतलेलं.

मग माणूस मोबाईलवर व्हिडिओ बघतो आणि टूथपेस्ट नाहीतर पॉलिश पेपर घेऊन बसतो. मीही बसलो होतो. आमच्या अण्णांची एचएमटी जनता. काच झकास निघाली, पण घड्याळाची एक कड मी कायमची घालवली. तसं तुमचं होऊ नये म्हणून हे लिहितोय.

एचएमटी म्हणजे हिंदुस्तान मशीन टूल्स, सरकारी कंपनी. १९६१ साली जपानच्या सिटीझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळाचा कारखाना निघाला. जनता, पायलट, सोना, कोहिनूर ही नावं चाळिशीच्या पुढच्या सगळ्यांना पाठ असतील. २०१६ साली केंद्र सरकारनं घड्याळाची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला. त्यामुळं आता कंपनीतनं नवा भाग येईल ही आशा धरू नका. आहे तेच जपायचं.

काच आधी ओळखा

जुन्या चावीच्या घड्याळांची काच बहुतेक वेळा काच नसतेच, ॲक्रिलिक नावाचं कडक प्लास्टिक असतं. नखानं टिचकी मारा. आवाज बद्द आला तर प्लास्टिक, टणक आला तर काच. गालाला लावून बघितलं तरी कळतं, खरी काच गार लागते. काच असेल तर टूथपेस्टनं चरे जाणार नाहीत, उगं हात दुखवून घेऊ नका. प्लास्टिक असेल तर मात्र काम घरी होतं.

आता चऱ्यावरनं नख फिरवा. नख अडकत नसेल तर पॉलिश पेपरची गरजच नाही. पांढरी साधी टूथपेस्ट (रंगीत जेल नको) वाटाण्याएवढी घ्या, सुती कापडावर लावा आणि गोल गोल पाच मिनिटं घासा. ओलसर कापडानं पुसून बघा. दोन-तीनदा केलं की फरक दिसतो. पितळेची भांडी घासायचं ब्रासो असेल तर ते टूथपेस्टपेक्षा जास्त चकाकी देतं, पण ते काचेच्या बाहेर जाऊ देऊ नका.

नख अडकत असेल तर वॉटर पेपर लागेल. गाडी रंगवणारे वापरतात तो काळा कागद, हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. १०००, १५०० आणि २००० नंबरचा एकेक तुकडा पुरे. नंबर जेवढा मोठा तेवढा कागद बारीक.

सुरू करायच्या आधी चावी पूर्ण आत दाबा आणि काचेच्या कडेनं, चावीच्या फटीवर चिकटपट्टी लावा. घासताना जी पांढरी भुकटी निघते ती आत गेली तर मशीन धरतं. पाणी तर अजिबात आत जाता कामा नये, ही घड्याळं पाण्याची नाहीत. कागद ओला करून झटकून घ्यायचा आणि घड्याळ थोडं पालथं धरून घासायचं.

आधी १००० नंबर, एकाच दिशेनं, आडवा. मग १५००, उभा. आडव्या रेघा सगळ्या गेल्या की मगच २०००, परत आडवा. दिशा बदलायचं कारण एवढंच की आधीच्या रेघा राहिल्यात का ते डोळ्याला लगेच कळावं. या टप्प्याला काच दुधासारखी पांढरी होते. माझी बायको म्हणाली, ‘‘होतं ते पण घालवलंत.’’ घाबरायचं नाही. २००० नंबर झाल्यावर टूथपेस्ट नाहीतर ब्रासो घेऊन घासत राहिलं की हळूहळू डायल दिसायला लागतो. मला सगळं मिळून तासभर लागला. शेवटी आकडे स्वच्छ दिसले तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

काचेला कडेपासून तडा गेला असेल तर घासू नका. जोर लागला की फुटते. घड्याळवाल्याकडनं नवी बसवून घ्या. आणि काच पुसायला थिनर, नेलपॉलिश काढायचं पाणी, सॅनिटायझर असलं काही वापरायचं नाही. त्यानं या प्लास्टिकला बारीक बारीक तडे जातात आणि ते घासूनही निघत नाहीत.

माझं चुकलं ते इथं

काच चमकली आणि मला हाव सुटली. बाजूच्या कडेवर बारीक चरे होते. हातात २००० नंबरचा कागद होताच, म्हटलं हेही उरकून टाकू. दहा-बारा हात मारले आणि कडेला पिवळं दिसायला लागलं. आधी वाटलं मळ आहे, म्हणून अजून घासलं. ते पितळ होतं.

झाकणावर ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असं इंग्रजीत लिहिलेलं मी वाचलं होतं आणि सगळं घड्याळ स्टीलचं धरून चाललो. त्याचा अर्थ फक्त मागचं झाकण स्टीलचं. वरची चौकट पितळेची असते आणि तिच्यावर क्रोमचा पातळ मुलामा असतो. हा मुलामा एकदा गेला की कुठल्याही पॉलिशनं परत येत नाही. पॉलिश म्हणजे मुळात वरचा थर खरवडणंच. जाड स्टीलवर ते खपतं, मुलाम्यावर नाही.

तेव्हा झाकण वाचा. नुसतं ‘स्टेनलेस स्टील’ असेल तर चौकटही स्टीलची असण्याचा संभव जास्त. शेवटी ‘बॅक’ असेल तर मुलामाच धरा. पट्टा काढून पट्ट्याच्या दांड्या आतल्या बाजूनं बघा. तिथं घाम साचतो, त्यामुळं मुलामा पहिल्यांदा तिथं सुटतो. पिवळं किंवा हिरवट दिसलं तर पितळ आहे. सोनेरी घड्याळ असेल तर ते सोन्याचं पाणी समजा.

लोहचुंबक लावून बघू नका. एक तर पितळही चिकटत नाही आणि घड्याळाचं स्टीलही सहसा चिकटत नाही, म्हणजे कळत काहीच नाही. वर आतली केसासारखी स्प्रिंग चुंबकानं भारली जाते आणि घड्याळ पुढं पळायला लागतं.

मुलाम्याच्या घड्याळाला कोरडं मऊ कापड, खाचेतला मळ काढायला दात कोरायची काडी आणि मऊ ब्रश, बास. ब्रासोही नको. स्टीलची चौकट असेल तर हलक्या हातानं ब्रासो चालेल, पण बारीक रेघांचं मुद्दाम केलेलं काम असेल तर ते गुळगुळीत करू नका. मागची अक्षरं घासून पुसट करू नका. कुणी नाव, तारीख कोरून घेतलेली असेल तर घड्याळाची खरी किंमत तिथंच आहे. स्टीलची साखळी मात्र घड्याळापासून सुटी करून कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणानं बिनधास्त धुवा, जो काळा मळ निघतो तो बघून आंघोळीची इच्छा होईल.

डायल आणि काटे यांना हात लावायचा नाही, डाग असले तरी. ऑनलाईन विकायला असतात ती रंगीबेरंगी एचएमटी बघून डायल नवा रंगवून घ्यायचं कुणाच्या मनात आलं असेल, तर थांबा. जुन्या घड्याळांचे शौकीन मूळ डायलला जास्त पैसे देतात, डागासकट.

काचेच्या आतनं वाफ दिसत असेल, चावी गरागरा फिरत असेल किंवा घड्याळ पडून पडून दहा-वीस वर्षं झाली असतील, तर आधी घड्याळवाल्याकडं न्या. आतलं तेल वाळलेलं असतं. तसंच चालवलं तर चाकं झिजतात. सर्व्हिसिंग झाल्यावर रोज सकाळी ठरल्या वेळी चावी द्या आणि घट्ट लागली की थांबा.

अण्णांना घड्याळ दिलं तेव्हा त्यांनी आधी काच बघितली, मग कडेवरनं अंगठा फिरवला. ‘‘इथं पिवळं कशानं झालं रं?’’ मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, चावी दिली आणि कानाला लावलं. आता रोज घालतात, पण ती कड हाताच्या आतल्या बाजूला येईल असं उलटं बांधतात. वेळ बघायला मनगट फिरवावं लागतं.